एकाच पानावर दोन आकडे, आणि दोष मात्र सर्व्हरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना झालेल्या मनस्तापाबद्दल मिरजेच्या एका भगिनींचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. पानाच्या वरच्या पट्टीत लाल अक्षरांत ‘२ कागदपत्रे बाकी’ दिसत होतं आणि खालच्या यादीत सगळ्या कागदपत्रांपुढे हिरव्या खुणा होत्या. हेल्पलाइनवर ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने बघा’ एवढंच उत्तर मिळालं. आपणही पत्राला मथळा तसाच दिलात: ‘सर्व्हर डाऊन, पालक हैराण’. पालक हैराण होते यात शंका नाही. पण सर्व्हर खरोखर बंद असता तर कागदपत्रं चढलीच नसती आणि हिरव्या खुणा उमटल्याच नसत्या.

त्यांच्या पत्रात शेवटाकडे एक वाक्य जाता जाता आलंय. ‘वैतागून पान रिफ्रेश केलं तर आपोआप नीट झालं.’ मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. रिफ्रेश केल्यावर जे दुखणं पळून जातं ते बहुधा सर्व्हरचं नसतं. सर्व्हरकडे आकडा बरोबरच होता. म्हणून तर पुन्हा विचारल्यावर बरोबर मिळाला. चुकीचा आकडा बाईंच्या समोरच्या पानाने धरून ठेवला होता. मी पोटापाण्यासाठी अशीच पानं बनवते. आधी पुण्यात हिंजवडीला नोकरीत, आता सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितेय. लांबलं तर कात्री लावायला आपण मोकळे आहातच.

पूर्वी वेबसाइटवर काहीही दाबलं की सगळं पान सर्व्हरकडून नव्याने यायचं. वेळ लागायचा, पांढरा पडदा दिसायचा, पण एका पानावरचे सगळे आकडे एकाच वेळचे असायचे. २००४ साली जीमेल आलं आणि पान न बदलता पत्रं उघडू-मिटू लागली. पुढच्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट या डिझायनरने या पद्धतीला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं. तेव्हापासून ब्राउझरमधलं पान हा छापील कागद राहिला नाही, तो चालता प्रोग्राम झाला. त्याचे तुकडे असतात: वरची पट्टी, बाजूचा मेन्यू, मधली यादी, खालचं बटण. प्रत्येक तुकडा लागेल ती माहिती मागवतो आणि आपल्याजवळ ठेवतो. त्या क्षणी पानाला जे जे ठाऊक आहे त्याला आमच्या धंद्यात ‘स्टेट’ म्हणतात. एकच माहिती दोन-तीन तुकड्यांना लागली की ती ‘शेअर्ड स्टेट’ होते, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. यादीने आपली नोंद बदलली, वरच्या पट्टीला कोणी कळवलंच नाही, असा सगळा मामला.

हे फक्त आपल्याकडच्या स्वस्तातल्या टेंडरच्या कामांत होतं असं कोणी समजू नये. हाच रोग फेसबुकला झाला होता, आणि त्यांनी तो २०१४ साली स्वतःच्या परिषदेत उघडपणे सांगितला. फेसबुकवर न वाचलेल्या निरोपांचा आकडा वर दिसतो. लोकांना तिथे ‘१’ दिसायचा, उघडून बघावं तर नवीन निरोप नाहीच. तक्रारी आल्या, दुरुस्ती झाली, थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. कारण एकच निरोप तीन ठिकाणी दाखवला जायचा: खालच्या चॅटच्या खिडकीत, निरोपांच्या मुख्य पानावर आणि वरच्या आकड्यात. नवा निरोप आला की तिन्ही जागा वेगवेगळ्या बदलायच्या, आणि त्या बदलांनी पुन्हा दुसरे बदल सुरू व्हायचे. कुठला बदल आधी, कुठला नंतर, याचा माग लागेना. त्या परिषदेतल्या भाषणात फेसबुकच्याच जिंग चेन यांनी जो उपाय मांडला त्याचं नाव ‘फ्लक्स’. त्याचा सगळा जोर एका गोष्टीवर: बदल एकाच दिशेने वाहिले पाहिजेत. पडद्यावरच्या कुठल्याही तुकड्याने माहितीत परस्पर हात घालायचा नाही. ‘असं असं घडलं’ एवढंच कळवायचं. माहितीच्या कोठारात बदल होईल आणि मग सगळे तुकडे त्या कोठाराकडे बघून स्वतःला नव्याने रंगवतील.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क या प्रोग्रामरांनी याच कल्पनेवरचं, माहितीचं कोठार सांभाळणारं ‘रीडक्स’ हे साधन आणलं. रीडक्स मला पुस्तकातून नीट कळलं नाही, ते कळलं वडिलांच्या वह्यांवरून. माझे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याकडे रोजकीर्द आणि खतावणी (खातेवार शिल्लक) अशा दोन वह्या. जे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत लिहायचं. कोणाकडून किती आले, कोणाला उचल किती दिली. शिल्लक थेट कोणी बदलत नसे. चुकीचा आकडा पडला तरी खोडायचा नाही, उलट नोंद करायची. मग ठरलेल्या रीतीने कीर्दीवरून खतावणी, आणि महिनाअखेर तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची बेरीज) जुळवायची. कीर्द तीच असेल तर दुसऱ्या दिवाणजीने खतावणी केली तरी शिल्लक तीच आली पाहिजे. रीडक्समध्ये कीर्दीतल्या ओळीला ‘ॲक्शन’ म्हणतात आणि खतावणी करणाऱ्या रीतीला ‘रिड्यूसर’. रिड्यूसरने घड्याळाकडे बघायचं नाही, सर्व्हरला काही विचारायचं नाही, जुनी शिल्लक आणि नवी ओळ यांवरून नवी शिल्लक सांगायची, बास. ही शिस्त पाळली की एक जादू फुकट मिळते. २०१५ च्या पॅरिसमधल्या परिषदेत अब्रामोव्ह यांनी तीच दाखवली होती. कीर्दीची पानं मागे उलटावीत तसा प्रोग्राम मागे नेता येतो आणि चूक नेमकी कुठल्या ओळीला घुसली ते डोळ्यांनी दिसतं. वडिलांना मी हे एकदा दाखवलं होतं. ते म्हणाले, ‘मग यात नवीन काय?’ (एक फरक सांगायला हवा. रीडक्स स्वतः कीर्द जपत नाही, फक्त आजची शिल्लक जपतं. कीर्द राहते ती सोबतच्या तपासणीच्या साधनात. दिवाणजींना हे मुळीच पटलं नसतं.)

इथपर्यंत सगळं छान. पण मग आमच्या धंद्यात साथ आली. पुण्यातल्या त्या वर्षांत रीडक्स नाही असा प्रोजेक्टच नसायचा. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘रीडक्सचा डेटा फ्लो सांगा’. उमेदवार तो पोपटासारखा म्हणायचा आणि कामाला लागला की मेन्यू उघडा आहे की मिटलेला एवढी क्षुल्लक गोष्टसुद्धा मध्यवर्ती कोठारात नेऊन ठेवायचा. एका मेन्यूसाठी चार फायली: एकीत ॲक्शनचं नाव, दुसरीत ॲक्शन बनवणारं फंक्शन, तिसरीत रिड्यूसर, चौथीत जोडणी. खुद्द अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्ये जाहीर लेख लिहून सांगितलं की तुम्हाला कदाचित रीडक्सची गरजच नाही. हिंजवडीत तो किती जणांनी वाचला देव जाणे. पुढे रिॲक्टने (पानाचे तुकडे रंगवणारं, फेसबुकने बनवलेलं साधन) स्टेट सांभाळायची स्वतःचीच सोय वाढवली, २०१८ मध्ये नवं कॉन्टेक्स्ट आणि २०१९ मध्ये हुक्स. रीडक्सवाल्यांनीही २०१९ मध्ये टूलकिट काढून त्या चार फायलींचा जाच कमी केला. दरम्यान रीडक्सच्याच कामाचं मॉबएक्स होतंच, झुस्टँड आलं, जोटाई आलं. रिॲक्टच्या जागी व्ह्यू वापरणारे व्ह्यूएक्स हे कोठार सोडून पिनियावर गेले, तशाच अँग्युलरने २०२३ मध्ये सिग्नल्स आणले. २०२० मध्ये फेसबुकच्याच लोकांनी रिकॉइल आणलं, तेव्हा ‘आता हेच’ म्हणून क्लासवाल्यांनी त्याच्या बॅचेस काढल्या. ते काम पुढे थंडावलं आणि अखेर अधिकृतपणे बंद झालं.

आपल्या करिअर पुरवणीत ‘वेब डेव्हलपर व्हायचंय?’ या लेखाच्या चौकटीत ही सगळी नावं ओळीने दिली होती, म्हणून हे आठवलं. चौकट चुकीची नव्हती. पण ती पाठ केलेला मुलगा मिरजेच्या त्या बाईंचा अर्ज नीट बनवू शकेल याची काहीच खात्री नाही. त्याला आधी एक प्रश्न विचारता आला पाहिजे: ही माहिती मुळात कोणाची?

यार्डातलंच उदाहरण देते. हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याची हिशोबपट्टी बनते. लॉट किती, पोती किती, वजन किती, दर काय, हमाली, तोलाई, उचल वजा करून देणं किती. माझ्याआधी एका दुकानात बाहेरगावच्या कोणाचं सॉफ्टवेअर होतं. त्यात एकूण वजन हा आकडा वेगळा साठवलेला. लॉट वाढवला की प्रोग्राम त्यात भर घालायचा, लॉट काढला की वजा करायचा. पण लॉटचं वजन दुरुस्त केलं तर काय करायचं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. वजन ४८ वरून ४९ केलं की ओळीत ४९ दिसायचं, खाली बेरीज जुनीच. दिवाणजींनी त्यावर तोडगा काढला होता: संगणकाशेजारी कॅल्क्युलेटर. लाखाचं यंत्र घेऊन बेरीज हाताने! खरं तर बेरीज साठवायचीच नसते. ओळी समोर आहेत, दर वेळी करावी. ती करायला संगणकाला कसला वेळ लागतोय? जे दुसऱ्या कशावरून तरी काढता येतं त्याची वेगळी प्रत ठेवली की ती एक ना एक दिवस मूळ आकड्याशी भांडणार. ‘२ कागदपत्रे बाकी’ हा आकडाही तसलाच. खालच्या यादीत किती ओळींपुढे खूण नाही ते मोजलं की झालं. तो वेगळा साठवला नसता तर चुकायला जागाच उरली नसती. त्यासाठी रीडक्स नको, झुस्टँड नको, काहीच नको.

ही झाली हिशोबाने निघणारी माहिती. दुसरी माहिती उसनी असते. अर्जाची नोंद, शेतकऱ्याचं खातं, बाजारातला दर हे सगळं सर्व्हरचं. आपल्या पानावर असते ती त्याची प्रत, आणि ती आणल्या क्षणापासून शिळी व्हायला लागते. कित्येक वर्षं आम्ही लोक ही उसनी प्रत स्वतःच्या मालकीची असल्यासारखी कोठारात कोंबत होतो. गेल्या काही वर्षांत रिॲक्ट क्वेरी आणि एसडब्ल्यूआर यांसारख्या साधनांनी हा भाग वेगळा काढला, आणि माझ्या मते सगळ्या धबडग्यातली कामाची सुधारणा हीच. त्यांची रीत अशी: जवळ असलेली प्रत लगेच दाखवा, मागच्या मागे सर्व्हरला विचारा, नवं आलं की बदला. ही कल्पनाही ब्राउझरच्या दुनियेत जुनीच. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांच्या) २०१० च्या एका प्रस्तावात ती लिहिलेली आहे. मात्र किती शिळं चालेल हे साधन सांगत नाही, ते धंदा माहीत असणाऱ्यानेच सांगायचं. गावांची यादी महिनाभर जुनी असली तरी बिघडत नाही. चालू सौद्यातली बोली दहा सेकंद जुनी असली तर दुकानात मारामारी होईल.

आणि उसनी प्रत बदलून परत पाठवायची असेल तर आणखी एक पेच. काट्यावरचा माणूस एका संगणकावर पट्टी उघडून वजन दुरुस्त करतोय. त्याच वेळी पेढीवर दिवाणजी तीच पट्टी उघडून हमाली बदलतायत. दोघांच्या पडद्यावर आधीची पट्टी. काट्यावरच्याने ‘सेव्ह’ केलं, मग दिवाणजींनी केलं. दिवाणजींच्या प्रतीत वजन जुनं, तेच पुन्हा सर्व्हरवर जाऊन बसलं. कोणाला काही कळलं नाही, कुठे लाल अक्षर आलं नाही. शेतकऱ्याचं वजन मात्र गेलं. पानावर कितीही चांगलं कोठार ठेवा, याचा इलाज तिथे नाही. प्रत्येक पट्टीला आवृत्तीचा क्रमांक हवा. सेव्ह करताना ‘मी सातवी आवृत्ती बघून बदलतोय’ असं सर्व्हरला सांगायचं, आणि सर्व्हरकडे आठवी असेल तर त्याने नकार द्यायचा. एचटीटीपीत याची सोय पूर्वीपासून आहे, ४१२ क्रमांकाचं उत्तर त्यासाठीच. ते आलं की पानाने दोन्ही आकडे समोर ठेवून माणसाला विचारावं. आमच्याकडे मी तसंच केलंय. दिवाणजी आधी कुरकुरले, ‘हे सारखं विचारतंय’ म्हणून. मग एकदा खरंच वजन वाचलं, तेव्हापासून कुरकुर नाही.

आता पानाची स्वतःची अशी माहिती. मेन्यू उघडा की मिटलेला, अर्धवट टाइप केलेलं नाव. ती जिथली तिथे राहू द्यावी, वाटत सुटू नये. आणि एक जागा आहे जी आमचे लोक विसरूनच गेलेत: ब्राउझरच्या वरचा पत्ता. तुम्ही कुठला अर्ज बघताय, यादीच्या कितव्या पानावर आहात, कुठला तालुका निवडलाय हे सगळं पत्त्यात लिहिता येतं. लिहिलं की मागे जायचं बटण नीट चालतं, तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरच्याला तेच दिसतं.

पत्त्यात न लिहिल्यामुळे काय होतं ते बघायचं असेल तर प्रवेशाच्या दिवसांत कुठल्याही नेट कॅफेत जाऊन बसावं. आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला अर्ज भरून देतो. त्याच्यासमोर चार पालक चार अर्ज घेऊन उभे. त्याने चार टॅबमध्ये चार अर्ज उघडले की काही पोर्टलं गोंधळतात, कारण ‘सध्या कुठला अर्ज चालू आहे’ हे त्यांनी सगळ्या टॅबना मिळून एकाच जागी लिहून ठेवलेलं असतं. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये किंवा कुकीवर चालणाऱ्या सत्रात. दुसरा टॅब उघडला की पहिल्याचा क्रमांक पुसला जातो. पडद्यावर पहिल्या मुलाचं नाव, दाखला चढतोय दुसऱ्याच्या अर्जात. झेरॉक्सवाल्याने स्वतःची पद्धत बसवलीय: एक अर्ज क्रोमवर, दुसरा फायरफॉक्सवर, तिसरा इनकॉग्निटो खिडकीत, चौथ्याला थांबायला सांगतो. शेअर्ड स्टेटचा त्याच्याइतका अभ्यास पुण्यातल्या कित्येक टीम लीडचा नसेल. त्याला मात्र वाटतं की संगणक ‘तापल्यामुळे’ असं होतं.

‘कृपया रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका’ ही पाटी याच घरातली. बॅक दाबलं आणि पैसे दोनदा गेले तर तो दोष दाबणाऱ्याचा, असा तिचा सूर असतो. पैसे भरण्याच्या प्रत्येक विनंतीसोबत एकदाच वापरायचा क्रमांक पाठवला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने पहिलंच उत्तर परत दिलं, की दहा वेळा बॅक दाबलं तरी पैसे एकदाच जातात. ही शोधून काढायची गोष्ट नाही, सगळ्यांना माहीत आहे. करायचे कष्ट नकोत म्हणून पाटी लावतात.

मिरजेच्या बाईंच्या प्रकरणात माझा आणखी एका गोष्टीवर संशय आहे, आणि तो मराठी वाचकांच्या जास्त जवळचा आहे. पोर्टल इंग्रजीत असावं आणि त्यांनी क्रोमचं भाषांतर चालू केलं असावं, असं मला त्यांच्या पत्रातल्या ‘कागदपत्रे प्रलंबित उरलेली’ या बटणाच्या मजकुरावरून वाटतं. असं मराठी माणूस लिहीत नाही. आता होतं काय, की रिॲक्टसारखं साधन पानावरच्या मजकुराचा एकेक तुकडा हातात धरून बसलेलं असतं. आकडा बदलला की त्याच तुकड्यात नवा आकडा लिहायचा. गूगलचं भाषांतर येतं आणि तो तुकडा पानावरून काढून त्याच्या जागी ‘फॉन्ट’ टॅगात (पानाच्या कोडमधल्या खुणेत) गुंडाळलेला स्वतःचा मजकूर ठेवतं. रिॲक्टला याचा पत्ता नाही. दोन कागदपत्रं चढली, रिॲक्टने ‘२’ चा ‘०’ केला, पण केला तो पानाबाहेर पडलेल्या जुन्या तुकड्यात. पडद्यावर भाषांतरित ‘२’ जसाच्या तसा. हिरव्या खुणा चित्रं असतात, त्यांना भाषांतर हात लावत नाही, म्हणून त्या मात्र बदलल्या. कधी कधी याहून वाईट होतं. रिॲक्ट तो तुकडा काढायला जातं, तो जागेवर सापडत नाही आणि सगळं पान पांढरं होतं. रिॲक्टच्या तक्रारवहीत हे दुखणं २०१७ पासून नोंदलेलं आहे. एकाच पानाचे दोन मालक, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही. बदलणारा मजकूर वेगळ्या ‘स्पॅन’ टॅगात गुंडाळला तर पान कोसळणं बरंच टळतं, आणि जे आकडे बदलायचे आहेत तेवढ्यांचं भाषांतर करू नका अशी खूण घालता येते. पण मराठी पालकांसाठीचं पोर्टल पहिल्यापासून मराठीत केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. इंग्रजी कळणाऱ्यांनी बनवलं, इंग्रजीतच तपासलं, भाषांतर चालू करून एकानेही बघितलं नसणार.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या. अशी पत्रं आली तर मथळ्यात सर्व्हरला गोवण्याआधी पत्रलेखकाला तीन गोष्टी विचाराव्यात: रिफ्रेश केल्यावर काय झालं, आणखी टॅब उघडे होते का, भाषांतर चालू होतं का. आणि दोन्ही आकडे एकाच चौकटीत येतील असा स्क्रीनशॉट मागवावा. एवढं छापलंत तर पोर्टल बनवणाऱ्याला ‘सर्व्हरवर लोड होता’ म्हणून सुटता येणार नाही. दुसरी विनंती करिअर पुरवणीच्या संपादकांना. पुढच्या वेळी नावांच्या चौकटीऐवजी हिशोबपट्टीसारखं एक पान द्या आणि मुलांना विचारा, यातले कुठले आकडे साठवाल आणि कुठले साठवणार नाही. उत्तरं माझ्याकडे पाठवलीत तर तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे, मानधन नको.

आणि मिरजेच्या ताईंना: अर्ज पक्का झाला की नाही हे वरच्या पट्टीवरून ठरवू नका. भाषांतर बंद करा, बाकीचे टॅब मिटवा, पान नव्याने उघडा आणि पोचपावतीची पीडीएफ उतरवून घ्या. ती बहुतेक ठिकाणी सर्व्हर बनवतो, पान बनवत नाही. तिच्यावर मुलीचं नाव, अर्ज क्रमांक आणि कागदपत्रांची यादी बरोबर असेल तर निश्चिंत राहा. नसेल, तर ती पावती आणि पानाचा स्क्रीनशॉट दोन्ही जोडून लेखी तक्रार करा, मुदत संपायच्या आत. फोनवर नको.

आपली,
एक वाचक आणि वेब प्रोग्रामर
सांगली